धाडणाऱ्याचं नाव

जनूदादा, तुझ्या बाराव्याला मी आले ती भांडायला. तू नाहीस हे ठाऊक असूनही. पनवेलला रोह्याची गाडी धरली, जित्याला उतरले आणि स्टेशनापासून तुझ्या घरापर्यंत सगळी वाक्यं तोंडातल्या तोंडात जुळवत चालले. निघताना अम्मी फोनवर म्हणाली होती, गेलेल्या माणसाशी असं वागू नये. मी तिला म्हटलं, होता तेव्हा त्यानं भांडू कुठे दिलं? चहा पाजायचा आणि विषय बदलायचा.

तुझ्या ओटीवर कच्चे गणपती वाळत ठेवलेले होते. त्यांच्यावर प्लॅस्टिक टाकलं होतं आणि तू गेल्यापासून ते कुणी उचललं नव्हतं. कंपनीतली माणसं आली होती. सगळे तुझं चांगलंच बोलत होते आणि त्यातलं काही खोटंही नव्हतं. मोठे साहेब म्हणाले, मशीन कसंही मेलेलं असो, जनू त्याच्या मरणाचं कारण शोधून द्यायचा. मी मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही पण होतात ना कॉम्प्युटरला? त्या ड्रायव्हरवाल्या?" इतक्या वर्षांनी त्यांना माझं एवढंच आठवत होतं, दादा.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे, कारण तू ते पहिल्यापासून कधी ऐकून घेतलंच नाहीस.

रोह्याच्या मोहल्ल्यातून मी त्या केमिकल कंपनीत नोकरीला जाऊ लागले तेव्हा अब्बा कुवेतला होते आणि घरात कुणालाच मी नेमकं काय करते ते सांगता येत नव्हतं. कॉम्प्युटर सेक्शनला आपण दोघंच. प्लांटमधली तापमानं आणि दाब एका युनिक्स मशीनवर यायचे, आणि ते मशीन कधीमधी मरायचं. मरायचं म्हणजे त्याचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो बंद पडायचा. पहिल्यांदा तसं झालं आणि तू फोनवर 'कर्नल पडला, कर्नल पडला' करत होतास, तेव्हा गेटवरच्या वॉचमननं टोपी काढून मला विचारलं, कुठले कर्नलसाहेब, आपल्या रोह्याचे का? त्यानंतर कित्येक दिवस तू आल्या आल्या त्याला कर्नलसाहेबांच्या तब्येतीची खबर देत होतास. आज थोडा ताप हाय, आज पेज घेतली.

मेलेलं मशीन वाचायला मला तू शिकवलंस. मरता मरता ते आपली सगळी मेमरी डिस्कवर ओतून ठेवतं, तो डंप. शेवटी प्रोग्रामचा कुठला तुकडा, कुठलं फंक्शन चालू होतं ते त्यात दिसतं. पण जो जागेवर सापडला तोच गुन्हेगार असं नसतं. त्याला कामावर कुणी पाठवलं, त्या पाठवणाऱ्याला आणखी कुणी पाठवलं, असं मागे मागे जायचं. पुस्तकात त्याला स्टॅक अनवाइंड करणं म्हणायचे. तू म्हणायचास माग काढणं. तुझे वडील मिठागरावरचे, त्यामुळे पहिला धडा तू बांधाचा दिलास. बांधाला खांड पडते एकीकडे आणि पाणी उभं राहतं भलत्याच्या शेतात, तेव्हा पाणी दिसलं तिथं उकरत बसू नको गो, पाणी आलं तिकडं चालत जा.

आणि पाठवणाऱ्याला तू धाडणारा म्हणायचास. स्क्रीनवर बोट ठेवून एकेका फंक्शनला दरडावून विचारायचास, तुला कुनी धाडलं? मला आधी हसू यायचं. मग मीही तसंच विचारू लागले. जुन्या मशीनवर उत्तर लगेच मिळायचं. तिथे जो कुणी कामाला जाई, त्याच्या धाडणाऱ्याचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या नोंदींच्या चळतीवर, लिहिलेला असायचाच, आणि त्याच्या आधीचा पत्ता कुठे आहे त्याची खूणही शेजारीच. साखळीची कडी धरून खाली उतरत गेलं की झालं.

मग नवीन मशीन आलं, दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरचं. त्याच्याबरोबर आलेला प्रोग्राम माग नीट काढेना, म्हणून तू स्वतःचा लिहिलास. त्यासाठी तू जेवणाच्या सुट्टीतसुद्धा जागेवरून उठत नव्हतास. त्याच मशीनवर प्लांटची तापमानं आणणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिला, माझा पहिलाच. माझा ड्रायव्हर आकडे तुझ्या साठवणीच्या फंक्शनला द्यायचा, आणि तुझी साठवण ते कॉपीच्या फंक्शनकडून जागेवर ठेवून घ्यायची. मी तुला धाडायची, तू कॉपीला. कॉपी पुढे कुणाला धाडत नसे. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं सगळं समजतं.

पावसाळा संपता संपता ते मशीन वरचेवर मरू लागलं. एकदा रिअॅक्टर चालू असताना मेलं आणि ऑपरेटरांनी हातानं व्हॉल्व्ह फिरवून माल वाचवला. साहेबांना आता नाव हवं होतं. मीटिंग बोलावली. तू प्रिंटआउट घेऊन आलास. वर रजिस्टरांचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या खणांचे आकडे, खाली माग. मागात सगळ्यात वर कॉपी, आणि तिच्या खाली लगेच माझा ड्रायव्हर. तुझी साठवण त्यात कुठेच नव्हती. साहेबांनी विचारलं, कुणाचं काम हे? तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

"कॉपीला धाडणारा नसीमचा ड्रायव्हर हाय," तू म्हणालास.

मी म्हटलं, माझा ड्रायव्हर कॉपीला धाडतच नाही, मध्ये साठवण आहे. तू म्हणालास, नवीन कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत करणारा प्रोग्राम, फंक्शनं एकात एक मिसळतो, साठवण तुझ्यात मिसळली गेली असणार, आणि किती आकडे ठेवायचे ती लांबी चुकीची आली ती तुझ्याकडूनच. मी ते मानलं. कंपायलरचं मला काय कळत होतं, आणि जे कळत होतं ते तुझ्याकडूनच कळलेलं. कागद तू माझ्या पुढ्यात सरकवलास. मी त्याची घडी केली आणि बाजूला ठेवला.

त्यानंतर मला कर्नलच्या कामातून काढून पगाराच्या प्रोग्रामवर बसवलं. माझा ड्रायव्हर तू नव्यानं लिहिलास, मशीन मरायचं थांबलं आणि विषय मिटला. मिटला म्हणजे साहेबांसाठी. कॅन्टीनमधला पंखा बंद पडला तरी कुणीतरी म्हणायचं, ह्याला नसीमचा ड्रायव्हर बसवला काय. टँकरवाले जास्तच हसायचे, कारण त्यांना वाटायचं हा ड्रायव्हर म्हणजे कुणी माणूस आहे. फक्त तू हसत नव्हतास. ते मी तुझ्या चांगुलपणात जमा केलं.

घरी चाचांनी अम्मीला सांगितलं, बरं झालं, मशीनचं काम पोरींचं नाही. एरवी मी चाचांना सोडलं नसतं. या वेळी ऐकून घेतलं, कारण माझ्याही मनात तेच येऊ लागलं होतं. आपल्याला जमतं असं मी ज्याच्या सांगण्यावरून धरून चालले होते, त्यानंच आता सांगितलं होतं की नाही जमत. मी नोकरी सोडली आणि पेणला एका क्लासमध्ये टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवू लागले. निरोपाला तू मला पेन दिलंस. पेणला निघालेल्या बाईला पेन, म्हणून स्वतःच हसलास, आणि लगेच तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलास. मला वाटलं, दादाला वाईट वाटतंय.

कर्नलकडे परत वळायला मला बराच काळ लागला. ठाण्याच्या एका कंपनीत लागले तिथे तऱ्हेतऱ्हेच्या प्रोसेसरांचे डंप यायचे आणि प्रत्येक जातीसाठी माग काढायची रीत वेगळी. एक प्रोसेसर तर धाडणाऱ्यांचे पत्ते आपल्याच खिशात ठेवतो. मरायच्या आधी त्यानं खिसा स्टॅकवर झाडला नाही तर माग मध्येच तुटतो. तू असतास तर म्हणाला असतास, हा आपल्या सरपंचासारखा हाय. मी एकेका जातीचा प्रोग्राम लिहीत गेले, आणि रोह्याच्या मशीनची जात आली तेव्हा सवयीनं तुझ्या पद्धतीनं लिहिला. तपासून बघितलं, तर एक नाव गळत होतं.

का गळत होतं ते तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगायचंय. त्या प्रोसेसरवर धाडणाऱ्याचा पत्ता आधी एका रजिस्टरात असतो. फंक्शनला पुढे आणखी कुणाला धाडायचं असेल, तरच ते तो पत्ता स्टॅकवर उतरवतं. जे कुणालाच धाडत नाही ते कशाला उतरवील? मशीन नेमकं अशा फंक्शनमध्ये मेलं आणि आपण जुन्या सवयीनं स्टॅकवर बघितलं, तर हाती लागतो तो धाडणाऱ्याच्याही मागचा पत्ता. खरा धाडणारा यादीतून साफ नाहीसा होतो आणि त्याला ज्यानं धाडलं तो त्याच्या जागी उभा दिसतो. जुन्या मशीनवर हात बसलेला माणूसच ही चूक करतो. तुझा हात किती बसलेला होता ते मला माहीत आहे.

मला ती यादी समोर दिसली. कॉपी, आणि तिच्या खाली मी. मध्ये, कॉपीला ती चुकीची लांबी देणारा, तू असायला हवा होतास. आणि कंपायलरचं म्हणशील, तर निरनिराळ्या फाइलींतली फंक्शनं आपला कंपायलर मिसळतच नसे, हे एव्हाना मला कळलं होतं. तुझी साठवण वेगळ्या फाइलीत होती. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. माझा ड्रायव्हर चुकला नव्हता. मी उठून चहा आणला, परत येऊन बसले, आणि मग राग आला तो आजपर्यंत आहे.

तुला भेटायला मी जित्याला आले. वहिनी ओटीवर गणपतीचे डोळे आखत होती, बोलून तिचा हात हलू नये म्हणून आपण मागच्या अंगणात बसलो. मी गळलेल्या नावाचं सांगितलं. माझं संपल्यावर म्हणालास, "तवा माहीत नव्हतं गो. नंतर समजलं."

नंतर म्हणजे कधी, मी विचारलं. तू म्हणालास, चहा गार होतोय. मी परत विचारलं तर वहिनीला हाक मारलीस, नसीमला बरोबर द्यायला सुकट बांध म्हणून. स्टेशनवर सोडायला आलास, गाडी उशिरा होती, आणि तेवढा सगळा वेळ तू माझ्या लग्नावर बोललास. मुलगा गल्फमधला नको, आपल्याकडचा बघ, म्हणालास. मी सुकट घेऊन ठाण्याला परत गेले. डब्यात सगळ्यांनी नाक दाबलं होतं आणि मी रागानं लाल होऊन बसले होते.

तो 'नंतर' मी घरी नेला. त्याच्याशी कितीदा वाद घातला ते मोजलेलं नाही. नंतर म्हणजे माझा ड्रायव्हर नव्यानं लिहिताना, साठवण गुपचूप दुरुस्त केलीस तेव्हा? तेव्हा मी शेजारच्याच खोलीत पगाराच्या चिठ्ठ्या छापत होते. भिंतीवर टकटक केली असतीस तरी ऐकू आलं असतं. नंतर म्हणजे मी सोडून गेल्यावर? जित्याहून रोह्याला जाणारी तुझी गाडी रोज पेणला थांबत होती. बरं, नसेल उतरता आलं. फोन? काहीही हिशेब केला तरी तू भित्रा निघत होतास. तरी मी तुझीच बाजू घ्यायची, दादा. मशीन नवीन, चूक प्रामाणिक, पदरात दोन पोरं, साहेब डोक्यावर बसलेले. कागद टेबलावर ठेवताना त्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची. त्या 'माहीत नव्हतं'वर मी तुला अजून माणसांत धरून होते. ते खरं होतं की खोटं, एवढंच विचारायचं राहिलं होतं. पुढच्या गणपतीत विचारू, असं माझं चाललेलं.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक डंप उघडा होता. फोन ठेवला आणि काम पुढे चालू केलं, कारण दुसरं काय करायचं ते समजेना. बोट स्क्रीनवर गेलं आणि तोंडातून आलं, तुला कुनी धाडलं. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, काय म्हणालात? मी उठले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

काम कुणी शिकवलं असं विचारलं, तर मला आजही तुझंच नाव घ्यावं लागतं, आणि त्याची मला चीड येते. कंपनीत सगळे मॅडम म्हणायचे, म्हणजे लांब ठेवायचे. गो म्हणणारा तू एकटा. रमजानात तू माझ्यासमोर चहा घेत नसस, वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन घ्यायचास आणि मिशीला लागलेली साय पुसायला विसरायचास. माझ्या पहिल्या ड्रायव्हरनं पहिलं तापमान स्क्रीनवर आणलं तेव्हा तू प्लांटमध्ये धावत जाऊन थर्मामीटर बघून आलास आणि म्हणालास, बरोबर हाय गो, डिग्रीला डिग्री. असं धावणारा माणूस माझं नाव पुढे करील हे मला आजही कुठे बसवता येत नाही.

बाराव्याला पंगत उठली, कंपनीतली माणसं गेली, आणि वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. मी जुळवून आणलेली वाक्यं तिला ऐकवणार नव्हते. तिला कर्नल ठाऊक नाही की स्टॅक ठाऊक नाही. तीच बोलू लागली. तुझा माझ्यावर लई जीव होता, म्हणाली. माझ्यापायी तू एकदा जेवला नव्हतास.

मी विचारलं, कधी?

"तुमची मिटिंग होती बघ कंपनीत, त्याच्या आदल्या दिवशी. संकष्टी होती. उपास माझा. चंद्र बघून मी बसले जेवायला, आन हाच ताटावरून उठला. बोलला, चूक माझी हाय आन कागदावर नाव नसीमचं आलंय. मी बोलले, मग सांग ना साहेबांना. तर बोलला, सांगायला लागायचं नाय. वरच्या आकड्यांत हाय सगळं. उद्या नसीमच धरंल मला, ती बघितल्याबिगर सोडायची नाय."

आदल्या दिवशी. 'नंतर' नाही, 'तेव्हा'ही नाही, त्याच्या आधी. म्हणजे माझं नाव घेतलंस तेव्हा वरच्या आकड्यांतलं ते रजिस्टर, तुझ्या साठवणीचा पत्ता असलेलं, तू बघितलेलं होतंस. कंपायलरची गोष्ट तू तिथे बसल्या बसल्या रचलीस, मी पकडायच्या बेतात आले म्हणून. आणि अंगणात, मी विचारायला आले तेव्हा, परत खोटं बोललास. स्वतः कबूल व्हायची हिंमत नव्हती, म्हणून तुला पकडायचं कामही माझ्याच अंगावर टाकलंस, आणि मग ते मला करू दिलं नाहीस. याला काय म्हणायचं, दादा? मला तर शब्दही तुझेच आठवतात, आणि तुझ्या शब्दांत याला शब्द नाही.

वहिनीला वाटलं मी तुझ्यासाठी रडतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. थोडं तुझ्यासाठीही होतं, नाही असं नाही. मग मी तिला विचारलं, मीटिंगहून घरी आला तेव्हा काय म्हणाला?

वहिनीनं जरा आठवून बघितलं. "बोलला, नाय बघितलं तिनं. मी दिला म्हनून तशीच घडी करून ठेवला कागद."

भांडायला म्हणून आणलेलं सगळं तोंडातच राहिलं. दुसऱ्या कुणाचाही कागद असता तर मी वरपासून खालपर्यंत तपासला असता, दादा, तूच तसं शिकवलं होतंस. पण तो तुझ्या हातचा होता.